जॉन रिवाल्ड: इम्प्रेशनिस्टांचं एकेक वर्ष शोधून काढणारा माणूस

शेवंती

मोने, रेन्वार, सेझान या फ्रेंच चित्रकारांवर मराठीत बऱ्यापैकी लिहून आलंय, पण यांची गोष्ट आज आपल्याला ज्या क्रमाने माहितीये तो क्रम लावला कुणी, त्या माणसाबद्दल मराठीत मला काहीच मिळालं नाही. म्हणून हा धागा. लांब होईल, आधीच सांगते.

माणसाचं नाव जॉन रिवाल्ड. जन्म १९१२, बर्लिन. शिक्षण हॅम्बुर्ग, फ्रँकफुर्ट, आणि १९३२ ला पॅरिसला सोर्बोनमध्ये. तिथे ऑंरी फोसियों हे मध्ययुगीन कलेचे मोठे प्राध्यापक होते आणि रिवाल्डही सुरुवातीला त्याच वाटेने निघाला होता. पुढच्या वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला, रिवाल्ड ज्यू घरातला, त्यामुळे परत जायचा प्रश्नच मिटला. त्याच सुमारास तो दक्षिण फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्सला पोचला आणि तिथे शातो न्वार नावाच्या जागेत राहणारा लेओ मार्शुट्झ हा जर्मन चित्रकार त्याला भेटला. शातो न्वार म्हणजे सेझानने शेवटच्या वर्षांत पुन्हा पुन्हा रंगवलेली जागा. झाडं, खडक, ती पिवळट इमारत, सगळं अजून तिथेच होतं. इथून पुढे साठ वर्षं हा माणूस सेझान आणि त्याच्या मित्रमंडळींतून बाहेर आलाच नाही.

या दोघांनी काय केलं तर सेझान जिथे उभा राहून चित्रं काढायचा त्या जागा शोधून काढल्या आणि फोटो काढून ठेवले. ऐकायला सोपं वाटतं. पण सेझान १९०६ ला गेला, म्हणजे हे चाललंय तेव्हा जेमतेम तीस वर्षं झालीयेत, झाडं वाढलीयेत तरी ओळखू येतायत, रस्ते रुंद व्हायचेत, घरं उठायचीत. अजून वीस-तीस वर्षांनी कुणी गेलं असतं तर यातलं निम्मं उरलं नसतं. चित्र आणि फोटो शेजारी ठेवले की कळतं सेझानने काय बदललं, कुठला डोंगर पुढे ओढला, कुठली फांदी जशीच्या तशी ठेवली. ‘सेझान निसर्गाची मोडतोड करायचा’ असं तोपर्यंत लोक सरसकट बोलत होते, आता ते तपासून बघता यायला लागलं.

मग प्रबंध. विषय सेझान आणि झोला. दोघं एक्समधले शाळेपासूनचे जिवलग दोस्त, एक चित्रकार झाला एक कादंबरीकार, आणि १८८६ मध्ये झोलाने अपयशी चित्रकारावर कादंबरी लिहिली. रिवाल्डने झोलाच्या मुलीकडून पत्रं मिळवली, सेझानचा मुलगा तेव्हा हयात होता, एक्समध्ये म्हाताऱ्या सेझानला रस्त्याने जाताना पाहिलेले लोक होते. १९३६ ला प्रबंध झाला, १९३७ ला त्याने सेझानची पत्रं संपादित करून छापली. वय पंचवीस!

मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त काय वाटतं ते इथेच सांगून टाकते. त्याला वेळेचं भान होतं. फेलिक्स फेनेओं हा कलासमीक्षक, ज्याने १८८६ मध्ये सुरा (Seurat) या चित्रकाराची बाजू छापून मांडली, तो तेव्हा सत्तरी ओलांडलेला म्हातारा होता आणि त्याच्याशी रिवाल्डची ओळख होती. मायोल हा शिल्पकारही हयात होता. कामिय पिसारो या इम्प्रेशनिस्ट चित्रकाराचा मुलगा ल्युसियाँ लंडनला होता, त्याच्याकडे बापाने वर्षानुवर्षं लिहिलेली पत्रं होती आणि ती रिवाल्डने त्याच्याच मदतीने संपादित केली. ते पुस्तक १९४३ ला आलं, ल्युसियाँ १९४४ ला वारला, फेनेओं पण १९४४ लाच, मायोलसुद्धा. ही माणसं बोलू शकत होती तोवर त्यांना जाऊन विचारणारा कुणीतरी होता याचा मला आजही आनंद होतो.

मधे युद्ध. १९३९ ला फ्रान्स युद्धात उतरल्यावर फ्रेंच सरकारने जर्मन नागरिकांना शत्रू म्हणून छावण्यांत टाकलं, त्यात हाही. हिटलरपासून पळालेला ज्यू, आणि कैद कशासाठी तर जर्मन आहे म्हणून. १९४१ ला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा आल्फ्रेड बार त्याच्या पाठीशी उभा राहिला आणि तो अमेरिकेत पोचला. तिथे त्याच म्युझियमसाठी काम करता करता १९४६ ला त्याचा इम्प्रेशनिझमचा इतिहास छापून आला.

हे पुस्तक हातात घेतलंत तर पहिल्यांदा जाणवतं की प्रकरणं चित्रकारांच्या नावाने नाहीत, वर्षांच्या हिशोबाने आहेत. सुरुवात १८५५, त्या वर्षी पिसारो कॅरिबियन बेटावरून पॅरिसला आला आणि तिथे जागतिक प्रदर्शन चालू होतं. शेवट १८८६, इम्प्रेशनिस्ट गटाचं आठवं आणि शेवटचं प्रदर्शन. मधल्या एकतीस वर्षांत कोण कुठे राहत होता, कुणाकडे भाड्याचे पैसे नव्हते, कुणी कुणाच्या शेजारी उभं राहून तीच नदी रंगवली, सलों या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाच्या ज्युरीने कुठल्या साली कुणाचं काय परत पाठवलं, पेपरात काय छापून आलं, हे सगळं एकापुढे एक. १५ एप्रिल १८७४ ला नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत पहिलं प्रदर्शन उघडलं, बुलव्हार दे कापुसिनवर, तिकीट एक फ्रँक, महिन्याभरात साधारण साडेतीन हजार माणसं आली. लोक हसले हे आपण सगळीकडे वाचतो, पण कोण हसलं आणि कुणी चांगलंही लिहिलं हे तिथे आख्खे उतारे देऊन दाखवलंय.

तोपर्यंत या मंडळींबद्दल जे चालायचं त्यात आठवणी आणि किस्से फार. वोलार हा सेझानचा डीलर, त्याने सेझानवर लिहिलेलं वाचायला भारी आहे, पण त्यातलं किती खरं आणि किती रंगवलेलं सांगता येत नाही. रिवाल्डने ते सगळं पत्रं, कॅटलॉग, वर्तमानपत्रं यांच्यासमोर धरून पाहिलं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्याने एका फ्रेंच इतिहासकाराचा आधार घेऊन आपली भूमिका सांगितलीये, की कागदांत जेवढं आहे तेवढं सगळं बाहेर काढायचं आणि जे नाही ते घालायचं नाही. आणि एकदा लिहून मोकळा झाला नाही, नवीन कागद हाती आले तसा सुधारत राहिला, चौथी आवृत्ती १९७३ ची.

१९५६ ला पुढचा भाग, व्हॅन गॉगपासून गोगँपर्यंत. त्याच्या पुढचा, गोगँपासून मातीसपर्यंतचा, ठरलेला होता पण पूर्ण झाला नाही. आणखी एक गोष्ट मला लागते: एवढं सगळं करून या माणसाला विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकाची नोकरी मिळाली ती १९६४ ला, शिकागोत, म्हणजे डॉक्टरेटनंतर अठ्ठावीस वर्षांनी. तोपर्यंत प्रदर्शनं, कॅटलॉग, संग्राहकांना सल्ला असं करत जगला. १९७१ पासून न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत.

शेवटचं काम सेझानच्या सगळ्या तैलचित्रांची सूची. ९५४ चित्रं. १९९४ ला तो गेला तेव्हा छापून व्हायची होती, १९९६ ला सहकाऱ्यांनी पूर्ण करून आणली. त्याबद्दल आणि सेझानच्या स्टुडिओबद्दल प्रतिसादात लिहीन, इथेच फार झालं.

---

जलकुंभी

काय सुंदर लिहिलंय. एक शंका, तारखा एवढ्या महत्त्वाच्या का? म्हणजे चित्र १८७७ चं की १८७९ चं याने बघणाऱ्याला काय फरक पडतो? खोचकपणे विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

---

शेवंती

जलकुंभी, चांगलं विचारलंत. दोन चित्रकार शेजारी बसून काम करतायत, पॅरिसजवळच्या पाँत्वाज गावी पिसारो आणि सेझान, साल १८७२ च्या पुढचं. कुणी कुणाकडून काय घेतलं? सेझानचे रंग उजळले ते पिसारोच्या संगतीत, हे म्हणायचं तर कुठलं चित्र आधीचं आणि कुठलं नंतरचं हे माहिती पाहिजे. तारीख चुकली की गुरू शिष्य होतो आणि शिष्य गुरू.

आणि सेझान तर चित्रावर तारीखच टाकायचा नाही, सहीसुद्धा मोजक्या चित्रांवर. मग तारीख लावायची कशावरून? पत्रात उल्लेख आहे का, त्या वर्षी तो त्या गावात होता का, बायकोच्या पोर्ट्रेटमागे जो वॉलपेपर दिसतोय तो कुठल्या भाड्याच्या घरातला, मुलगा चित्रात किती वर्षांचा दिसतो. वोलारने आपल्याकडच्या चित्रांचे फोटो काढून सेझानच्या मुलाला दाखवले होते आणि त्याने आठवेल तशी ठिकाणं-सालं त्यांवर लिहून दिली होती, ते फोटो टिकलेत. रिवाल्डच्या आधी लिओनेल्लो व्हेंतुरी या इटालियन अभ्यासकाने १९३६ ला सेझानची पहिली मोठी सूची केली होती, तीही फार मोलाची. पण रिवाल्डने जवळपास आयुष्यभर तीच चित्रं पुन्हा पुन्हा तपासली. १९७७ ला न्यूयॉर्कला सेझानच्या शेवटच्या दशकाचं मोठं प्रदर्शन झालं, विल्यम रुबिन आणि थिओडोर रेफ यांच्यासोबत हाही होता, आणि तिथेही अमुक चित्र कधीचं यावर या अभ्यासकांचं एकमत नव्हतं.

---

दुपारचा_चहा

वाचतोय. स्टुडिओचं लिहा लवकर. एक्सला जाऊन आलेला एक मित्र म्हणाला की तो स्टुडिओ अमेरिकनांनी वाचवला, मला खरं वाटलं नव्हतं.

---

तिसरी_घंटा

लेख मनापासून आवडला पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी कलेचा इतिहास शिकले आणि शिकवतेही, आमच्याकडे रिवाल्ड वाचायला लावतात आणि लगेच त्याच्या मर्यादा पण शिकवतात.

रिवाल्डच्या पुस्तकात चित्रकार आहेत, त्यांचे वाद आहेत, पैशाची चणचण आहे, टीकाकार आहेत. पण पॅरिस नाहीये. म्हणजे आहे पण पार्श्वभूमीला. ओसमाँ या अधिकाऱ्याने जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढले, गरिबांना शहराच्या कडेला ढकललं, रविवारी रेल्वेने नदीकाठच्या अर्जाँतेय गावाला सहलीला जाणारा नवा मध्यमवर्ग तयार झाला, आणि मोने त्या नदीवर शिडाची बोट रंगवतो तेव्हा मागे कारखान्याची चिमणी पण असते. ती चिमणी तिथे का आहे, कधी तो ती गाळतो, हे रिवाल्ड विचारत नाही. ते विचारलं टी. जे. क्लार्क, रॉबर्ट हर्बर्ट या कला-इतिहासकारांनी, क्लार्कने १९८५ ला, हर्बर्टने १९८८ ला. आणि बायकांचं तर काय. बेर्त मोरिसो ही चित्रकार गटाच्या आठपैकी सात प्रदर्शनांत होती, एकच चुकलं ते १८७९ चं, मुलगी नुकतीच झाली होती. मेरी कॅसाट चार प्रदर्शनांत. रिवाल्डकडे दोघी आहेत, नावं आहेत, चित्रं आहेत. पण मोने कॅफेत बसून रात्री गप्पा मारू शकायचा आणि मोरिसो त्या कॅफेत पाऊल ठेवू शकत नव्हती, म्हणून ती बाल्कनी, बाग, पाळणा रंगवते, हे जोडून दाखवायला ग्रिसेल्डा पोलॉक ही स्त्रीवादी अभ्यासक यावी लागली. कागदात जे नाही ते घालायचं नाही हा नियम चांगला आहे हो, पण कागद लिहिले कुणी? ज्यांना लिहायला, जपायला मिळालं त्यांनी. जे कागदात आलंच नाही त्याचं काय?

---

शेवंती

तिसरी_घंटा, तुमचं शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. ते मला मान्य आहे. मोरिसोच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते पटतं, आणि चिमणीचंही.

तरी मी रिवाल्डच्या बाजूने थोडं भांडणार. क्लार्कला अर्जाँतेयच्या चिमणीवर बोलता आलं कारण कुठलं चित्र कुठल्या साली, कुठल्या काठावरून काढलं हे आधीच कुणीतरी लावून ठेवलं होतं. मोरिसो सात प्रदर्शनांत होती हे तुम्ही ठामपणे सांगता ते कॅटलॉगांच्या आधारावर, आणि त्या आठ कॅटलॉगांवरून इतिहास रचायची सवय रिवाल्डच्या पिढीने लावली. १९४६ साली, युरोपभर संग्रह विखुरलेले, लुटलेले, कागद जळालेले, अशा वेळी पहिली गरज काय होती? मला वाटतं त्याला ती बरोबर कळली होती. अर्थ लावणारे नंतर येतात आणि यायलाच पाहिजेत. पण आधी अर्थ लावून नंतर तारखा शोधता येत नाहीत, तोवर माणसं मेलेली असतात.

आता स्टुडिओ. @दुपारचा_चहा, मित्राचं बरोबर आहे.

सेझानने एक्सच्या उत्तरेला ले लोव्ह टेकडीवर जागा घेऊन स्टुडिओ बांधला, १९०२ पासून मरेपर्यंत तिथे काम केलं. उत्तरेकडून मोठी काच, आणि भिंतीत एक उंच अरुंद फट ठेवलेली, मोठ्ठी स्नान करणाऱ्यांची चित्रं दारातून जाईनात म्हणून. सेझान गेल्यावर स्टुडिओ बंदच होता, १९२१ ला मुलाने मार्सेल प्रोव्हान्स या माणसाला विकला, आणि त्या भल्या माणसाने वरची खोली होती तशी ठेवली. १९५१ ला तो वारला. आता ती जागा बिल्डरच्या घशात जाणार हे दिसत होतं. एक्स गावाला सेझानचं प्रेम होतं असं समजू नका. तिथल्या म्युझियमचा क्युरेटर पाँतिए, मी असेपर्यंत सेझान या भिंतीवर लागणार नाही असं म्हणाल्याचं सांगतात, आणि तो १९२६ ला मेला तोवर खरंच लागला नाही.

तर रिवाल्ड आणि जेम्स लॉर्ड या अमेरिकन लेखकाने समिती काढली, अमेरिकेत पैसे गोळा केले, ११४ देणगीदार मिळाले, जागा विकत घेतली आणि तिथल्या विद्यापीठाला देऊन टाकली. १९५४ ला ती लोकांसाठी उघडली. आज तिथे कवट्या, आल्याची बरणी, प्लास्टरचा क्युपिड, चित्रांत दिसणारी ती भांडी सगळं बघायला मिळतं. ज्या देशाने त्याला शत्रू म्हणून छावणीत ठेवलं त्या देशातली ही जागा त्याने वाचवली, आणि मेल्यावर त्याला पुरलंही एक्सच्याच दफनभूमीत, सेझान आहे तिथे.

---

दुपारचा_चहा

वाचून अंगावर काटा आला. धन्यवाद. २०२५ मध्ये एक्सने मोठं सेझान वर्ष साजरं केलं, स्टुडिओ दुरुस्त करून परत उघडला आणि त्याच्या वडिलांचं जा द बुफाँ हे घरसुद्धा उघडलं, म्हणजे गावाने उशिरा का होईना केलं.

---

मोरपीस

सेझान-झोलावर एक भर घालतो, कारण ही गोष्ट या धाग्यात यायलाच हवी.

झोलाची कादंबरी आली, सेझानने ४ एप्रिल १८८६ ला पुस्तक मिळाल्याचं छोटंसं आभाराचं पत्र पाठवलं आणि त्यानंतर त्याचं झोलाला एकही पत्र सापडत नव्हतं. त्यावरून सगळ्यांनी धरलं की कादंबरीत स्वतःला बघून सेझान दुखावला आणि तीस वर्षांची मैत्री तिथे तुटली. शंभर वर्षं हेच शिकवलं गेलं, नाटकं-सिनेमे झाले. आणि मग अगदी अलीकडे, २०१० नंतरच्या दशकात, लिलावात एक पत्र बाहेर आलं, सेझानचं झोलाला, तारीख २८ नोव्हेंबर १८८७. पुढची कादंबरी मिळाली म्हणून आभार मानतोय. म्हणजे दीड वर्षानंतरही दोघांचं येणंजाणं होतं! मग दुरावा आला का, कधी, कशाने, सगळं परत उघडलं.

हे सांगायचं कारण, हे रिवाल्डच्या विरोधात जातं असं कुणाला वाटेल, पण मला उलट वाटतं. एका तारखेच्या एका कागदाने शंभर वर्षांची समजूत हलते हे त्याला सगळ्यात आधी पटलं असतं, तो स्वतः आवृत्तीमागून आवृत्ती हेच करत होता.

---

तिसरी_घंटा

मोरपीस, हे उदाहरण मी वर्गात वापरणार. आणि शेवंती, तुमचा ‘तोवर माणसं मेलेली असतात’ हा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एक राहिलं, अशा सूचीची ताकद. सूचीत चित्र आलं तर ते सेझान, नाही आलं तर बाजारात त्याला कुणी विचारत नाही. सूची करणारा जर संग्राहकांना सल्लाही देत असेल, आणि रिवाल्ड हा जॉन एच. व्हिटनीसारख्या धनाढ्याचा सल्लागार होता, तर एका माणसाच्या शब्दावर केवढं काही अवलंबून राहतं. त्याने गैर काही केलं असं मी अजिबात म्हणत नाही, पण अभ्यासक आणि बाजार एवढे जवळ असणं मला बरं वाटत नाही. आज म्हणून अशी कामं समित्या करतात.

---

शेवंती

याबद्दल वाद नाही. त्याच सूचीचा दुसरा उपयोगही सांगते. प्रत्येक चित्राखाली मालकांची साखळी असते, वोलारकडून कुणाकडे, तिथून बर्लिनला, तिथून कुठे. १९३३ ते १९४५ मधे त्या साखळीत एखादी कडी गायब असेल तर तिथे थांबून विचारावं लागतं की हे चित्र कुणाच्या घरातून उचललं. लुटलेल्या चित्रांचे दावे लढवणाऱ्या कुटुंबांना या नोंदींचा मोठा आधार असतो. स्वतः पळून जावं लागलेल्या माणसाने ही नोंद एवढ्या निगुतीने ठेवली.

---

निळाशार

धाग्याला आपल्या बाजूचा एक धागा जोडू का? ज्या लाटेने रिवाल्ड न्यूयॉर्कला फेकला गेला त्याच लाटेत काही माणसं मुंबईला आली. रुडॉल्फ फॉन लायडेन, हाही बर्लिनचाच, १९०८ चा जन्म, १९३३ ला मुंबईत आला, व्यंगचित्रं आणि कलासमीक्षा लिहू लागला. व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियामध्ये आर्ट डायरेक्टर झाला. इमॅन्युएल श्लेसिंगर हा उद्योजक चित्रं विकत घ्यायचा. सूझा, रझा, आरा, हुसेन या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या मंडळींना १९४७ च्या आसपास युरोपातली आधुनिक चित्रकला समजावून सांगणारे, छापील चित्रं दाखवणारे, पहिली चित्रं विकत घेणारे हेच तिघं.

आणि सेझानचं म्हणाल तर रझांची गोष्ट प्रसिद्धच आहे. १९४८ ला काश्मीरमध्ये कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर भेटला, चित्रं बघून म्हणाला की तुझ्या चित्रांत बांधणी कमी पडतेय, सेझान बघ. रझा मुंबईत फ्रेंच शिकले आणि १९५० ला शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, पुढे दक्षिण फ्रान्समध्ये गोर्बिओला घरही केलं. त्यांच्या १९५० च्या दशकातल्या फ्रेंच गावांच्या चित्रांत घरं कशी एकमेकांत रचलीयेत बघा.

---

जलकुंभी

निळाशार, हे माहितीच नव्हतं! एकाच शहरातून निघालेले दोघं, एक न्यूयॉर्क एक मुंबई.

---

रंकाळा

मी कोल्हापूरचा. हा धागा वाचताना सारखे आबालाल रहिमान डोळ्यासमोर येत होते. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, जे.जे. मधे शिकलेले, आणि नंतर कोटीतीर्थाकाठी फकिरासारखं राहून तळं, झाडं, सकाळ-संध्याकाळचा उजेड रंगवत बसलेले. त्यांची निसर्गचित्रं बघितली की इम्प्रेशनिस्ट आठवतातच, ठिपक्या-ठिपक्यांनी उभा केलेला उजेड. १९३१ ला गेले. १९२२ ला महाराज वारले त्या दुःखात त्यांनी आपली हजारो चित्रं कोटीतीर्थात बुडवली असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. पण कुणी पाहिलं, कुठे लिहून ठेवलं, किती चित्रं, हे विचारलं की पुढे कुणी बोलत नाही. त्यांनी कुठल्या साली काय केलं, कुणाकडून काय बघितलं, पॅरिसची छापील चित्रं त्यांच्यापर्यंत पोचली होती का, याचा पत्ता लागायला आता फार उशीर झालाय असं वाटतं.

---

शेवंती

रंकाळा, तुमच्या प्रतिसादाने गलबलून आलं. पिसारोचं असंच झालं होतं. १८७० च्या युद्धात तो लंडनला पळाला, मागे लुव्हसिएनच्या घरात प्रशियन सैनिक राहिले, चिखल लागू नये म्हणून अंगणात त्याचे कॅनव्हास टाकून त्यावरून चालले. साधारण दीड हजारातली चाळीसेक उरली. पण हे आपल्याला माहितीये कारण पत्रं होती, ती जपली गेली आणि कुणीतरी छापली.

आबालालांची हकिगत खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती कुणीतरी पहिल्यांदा कधी लिहिली हे तरी काढता येईल ना? त्या काळची कोल्हापूरची वर्तमानपत्रं, दरबारचे पगारपत्रक, कुणाच्या घरात लटकलेलं चित्र. शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकलेचा खंड सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी किती कष्टाने केलाय, बाबुराव सडवेलकरांनी त्याआधी आपल्या चित्रकारांवर किती लिहून ठेवलंय, म्हणजे पाया आहे. त्यावर वर्षावार लावणारा माणूस हवा. आणि आबालालांसाठी उशीर झाला असेल, पण १९५०-६० च्या दशकात जे.जे. आणि कोल्हापूरच्या दळवीज आर्ट या कलासंस्थेत शिकलेली माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांना आत्ता विचारायला हवं.

---

मोरपीस

+१. ज्यांना सेझानपासून सुरुवात करायचीये त्यांच्यासाठी: रिवाल्डची सूची त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ पासून ऑनलाइन ठेवलीये, फुकट आहे, आणि नवीन माहिती येईल तशी सुधारतात. एकेक चित्र उघडून त्याच्या मालकांची साखळी वाचत बसा, रात्र कशी जाते कळत नाही.

---

रंकाळा

शेवंतीताई, आमच्या गल्लीत दळवीज मधे शिकलेले एक गुरुजी आहेत, वय झालंय पण बोलणं स्वच्छ. त्यांच्याकडे जुनी चित्रं आणि पत्रव्यवहाराची एक ट्रंक आहे. मी अभ्यासक नाही, फोटो मोबाइलवरच काढीन. काय काय विचारायचं आणि कशाकशाचे फोटो घ्यायचे सांगाल का?

---

शेवंती

सांगते, आणि अभ्यासक असायची काही गरज नाही.

फोटो चित्राचा पुढून आणि मागून, दोन्ही. मागच्या बाजूला प्रदर्शनाचं लेबल, फ्रेमवाल्याचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली किंमत, काहीही असू शकतं, ते जवळून घ्या. मोजमाप टेपने, सेंटिमीटरमधे. पत्रांचे फोटो पाकिटासकट, टपालाच्या शिक्क्यावर तारीख असते आणि पत्रात बऱ्याचदा नसते. ट्रंकेतला क्रम बदलू नका, कुठल्या कागदाखाली कुठला होता तेही सांगून जातं. गुरुजींशी बोलताना ‘तेव्हा कसं होतं’ असं मोघम विचारू नका, चित्र समोर धरून विचारा हे कुठे बसून काढलं, बरोबर कोण होतं, तेव्हा राहायला कुठे होता, रंग कुठून आणायचा. त्यांना साल आठवलं नाही तर लग्नाआधी की नंतर, कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर असं विचारा. आवाज रेकॉर्ड करा, आधी त्यांची परवानगी घेऊन. आणि ते सांगतील ते एका रंगात लिहा, कागदावर सापडेल ते दुसऱ्या रंगात, म्हणजे नंतर वेगळं करता येईल. एका बैठकीत तास-दीड तासापेक्षा जास्त नको, थकतात.

काय मिळालं ते इथेच टाका, तारखा लावायला मी आहे, तिसरी_घंटा पण मदत करतील अशी आशा.

---

तिसरी_घंटा

करणार. रंकाळा, गुरुजींच्या वर्गात मुली किती होत्या आणि त्या पुढे काय करतात, हेही विचाराल का? नावं मिळाली तर फार बरं.

---

रंकाळा

विचारतो. रविवारी जातोय.